कारण सोडून बाकी सगळं: एका लष्करी हेलिकॉप्टर अपघाताच्या बातमीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका मराठी वृत्त संकेतस्थळाच्या डेस्कवर एका पावसाळ्यात घडलेलं हे प्रकरण. संस्थेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. अपघाताचं राज्य, वर्ष, हेलिकॉप्टरचा प्रकार, मृतांचा आकडा हेही मुद्दाम गाळलं आहे, कारण असे दोन-तीन तपशील एकत्र आले की कुटुंबाची ओळख पटायला वेळ लागत नाही. मी त्या दिवशी त्या डेस्कवर नव्हतो. नव्या उपसंपादकांना शिकवण्यासाठी हे लिहून काढायचं काम पुढे माझ्याकडे आलं. डेस्कच्या ग्रुपवरचे मेसेज, बातमीच्या दर तासाला बदलत गेलेल्या आवृत्त्या आणि तिथे हजर असलेल्यांशी झालेलं बोलणं, एवढ्यावर हे बेतलं आहे.

डेस्क लहान. दुपारच्या पाळीला एक वृत्तसंपादक, काही उपसंपादक आणि सोशल मीडिया सांभाळणारी एक मुलगी. संरक्षणाच्या बातम्या बघणारे एक ज्येष्ठ बातमीदार, ज्यांना सगळा मजला ‘काका’ म्हणतो. शिवाय कल्याण-डोंबिवलीकडे एक वार्ताहर, जो एरवी पाणीकपात, रिक्षाभाडं आणि महापालिका यांतच अडकलेला असतो.

संरक्षणाच्या बातम्या मुंबईला नवीन नाहीत. नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय इथेच आहे, कुलाब्याला ‘आयएनएस शिक्रा’ हा हेलिकॉप्टरचा तळ आहे. ८ मार्च २०२३ ला नौदलाचं ‘ध्रुव’ जातीचं हेलिकॉप्टर मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवावं लागलं, तेव्हा आतले तिघेही सुखरूप निघाले आणि चौकशीचे आदेश दिले गेले. अशा बातमीचा साचा ठरलेला असतो: दलाचं दोन-तीन ओळींचं निवेदन, शेवटी ‘चौकशीचे आदेश’, आणि मग महिनोन्‌महिने शांतता. माणसं वाचलेली असली की हा साचा चालून जातो. या प्रकरणात तो पहिल्या तासातच अपुरा पडला.

त्या दुपारी

अडीचच्या सुमारास वृत्तसंस्थेचा फ्लॅश आला की परराज्यातल्या डोंगराळ भागात एका लष्करी हेलिकॉप्टरशी संपर्क तुटला आहे. पाऊण तासाने अधिकृत निवेदन आलं: अपघात झाला आहे, बचावकार्य सुरू आहे, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे, म्हणजे दलाच्या अंतर्गत चौकशीचे, आदेश दिले आहेत. आत किती जण होते, कोण होते, जिवंत कोण, याचा उल्लेख नाही.

तोवर सोशल मीडियावर दरीतून येणाऱ्या धुराचा एक व्हिडिओ फिरू लागला होता. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर हाताने टाइप केलेली नावांची यादी आली, हुद्द्यांसकट. आणि डोंबिवलीच्या वार्ताहराचा फोन आला. त्याला एका ओळखीच्याने सांगितलं होतं, “यादीतलं तिसरं नाव आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या मुलाचं आहे.”

वृत्तसंपादकाने त्याला जायला सांगितलं, पण फक्त जाऊन बघ, बेल वाजवू नकोस. हा त्या दिवसाचा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला. वार्ताहर सोसायटीच्या गेटवर पोचला तेव्हा वॉचमन म्हणाला, “घरचे काका बँकेत गेलेत, काकू घरी आहेत. काय काम होतं?” म्हणजे घरी काहीच कळलेलं नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून टीव्हीचा आवाज येत होता. बातम्या आहेत की काय, हे त्याने कान देऊन ऐकलं. मालिका चालू होती. त्याने वॉचमनला “नंतर येतो” म्हटलं, कोपऱ्यावरून डेस्कला फोन केला आणि विचारलं, “सर, मी इथे उभा राहू की जाऊ? माझ्यामागे कुणी कॅमेरा घेऊन आलं तर?”

पेच

डेस्कपुढे प्रश्न तीन होते, पण त्यांची गाठ एकच होती. नाव द्यायचं का, व्हिडिओ लावायचा का, आणि हे का घडलं याबद्दल काही लिहायचं का. तिन्हीकडे माहिती हाताशी होती, खात्री कशाचीच नव्हती, आणि बाकीची संकेतस्थळं थांबलेली नव्हती. साडेतीनला एका स्पर्धकाने यादीतली सगळी नावं ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ टाकली. सोशल मीडियाच्या मुलीने ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट टाकून फक्त प्रश्नचिन्ह लिहिलं. मुंबईतल्या डेस्कवर काम केलेल्या कुणालाही त्या प्रश्नचिन्हाचं वजन कळेल.

पर्याय कसे तोलले

एक मत असं की नावं तशीही बाहेर आली आहेत. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे दोन शब्द लावले की आपण सुटलो. वृत्तसंपादकाच्या वरच्या फळीतल्या एकाने हेच सुचवलं. दुसरं मत त्याच्या अगदी उलट: अधिकृत निवेदन जसंच्या तसं द्यायचं आणि हात बांधून बसायचं. हे सुरक्षित आहे. पण त्यात एक खोट आहे. वाचक काही हात बांधून बसत नाही. आपल्याकडे काही मिळालं नाही की तो ती यादी आणि तो व्हिडिओ जिथे मिळेल तिथे बघतो, आणि सोबत जे काही लिहिलेलं असेल तेही वाचतो.

तिसरं मत काकांचं. ते त्या वेळी बाहेर होते, फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं मेसेजमध्ये आहे ते असं: “नाव आणि कारण सोडून बाकी सगळं लिहा. कुठून निघालं, कधी निघालं, हवा कशी होती, चौकशी कोण करतं, किती दिवस लागतात. लोकांना तेही माहीत नसतं.”

त्यांनी दाखला दिला तमिळनाडूतल्या कुन्नूरचा. ८ डिसेंबर २०२१ ला तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांना घेऊन जाणारं हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळलं. दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी संसदेत निवेदन केलं: सुलूरच्या हवाई तळावरून ११:४८ ला उड्डाण, कुन्नूरजवळच्या वेलिंग्टनला १२:१५ ला उतरणं अपेक्षित, १२:०८ च्या सुमारास संपर्क तुटला. कारणाबद्दल एक शब्द नाही, पण वेळापत्रक पूर्ण. त्याने चौकशीचं काही बिघडलं नाही आणि वाचकाच्या हाती धरायला काहीतरी आलं. त्यानंतरच्या दिवशी हवाई दलाने मृतांच्या सन्मानासाठी अंदाज बांधणं टाळा, अशी जाहीर विनंती केली. काकांचा मुद्दा असा की अंदाज टाळा म्हणणं आणि माहिती न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दलाने मागावी, दुसरी आपण करू नये.

उलट दाखलाही त्यांच्याकडे होता. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामला हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडलं, ही चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं ते ४ ऑक्टोबर २०१९ ला. मधल्या सात महिन्यांत तर्कांना ऊत आला होता आणि त्यांतले काही खरेही होते. म्हणून “अंदाज बांधू नका” हे वाक्य सरकारी गप्प बसण्याला दिलेला होकार होऊ नये, हेही काका त्याच फोनवर म्हणाले. हे दोन्ही दाखले एकाच माणसाने एकाच दमात द्यावेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकच दाखला दिला असता तर डेस्क कुठल्या तरी एका टोकाला गेला असता.

नावाचा निर्णय

सैन्यदलांत मृत्यूची बातमी आधी घरी सांगतात, शक्यतो समोर जाऊन, आणि मग नाव जाहीर करतात. डेस्कने ठरवलं की दलाने नाव जाहीर करेपर्यंत थांबायचं. ‘मुंबईजवळचा एक अधिकारी’ एवढंही लिहायचं नाही. डोंबिवलीत अशी किती घरं असणार? ज्यांचा मुलगा सैन्यात आहे अशी प्रत्येक आई त्या वाक्यावर फोन हातात घेऊन बसेल.

वार्ताहराला परत बोलावलं. जाण्याआधी त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून एकच गोष्ट सांगितली: “काही कळलं नाहीये अजून, पण सोसायटीच्या ग्रुपवर ती यादी कुणी टाकू देऊ नका.” सेक्रेटरींनी ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करून टाकला. पत्रकाराने असं करावं का, यावर आमच्या प्रशिक्षणात दर वेळी वाद होतो. बातमीदार बघतो, हस्तक्षेप करत नाही, असं एक पोर म्हणतं. मला त्याचं म्हणणं पटत नाही.

संध्याकाळी उशिरा नावं जाहीर झाली. डोंबिवलीचा मुलगा त्यांत होता. पण व्हॉट्सॲपच्या यादीतलं एक नाव त्यांत नव्हतं. तो अधिकारी ऐनवेळी उड्डाणातून वगळला गेला होता. ज्या संकेतस्थळाने साडेतीनला यादी टाकली होती, त्याने एका जिवंत माणसाला तीन-साडेतीन तास मारून ठेवलं होतं. त्यांनी बातमी गुपचूप बदलली. दुरुस्तीची ओळ टाकली नाही.

व्हिडिओ

यावर डेस्कमध्ये फार चर्चा झालीच नाही. व्हिडिओ धुराचा होता, माणसं दिसत नव्हती, पण पाठीमागे बोलणाऱ्याच्या आवाजात किंकाळ्यांचा उल्लेख होता. शिवाय जागा खरी आहे का, हेच ठरत नव्हतं. उपसंपादिकेने दरीच्या कडेचा रस्त्याचा कठडा आणि टॉवर उपग्रह नकाशाशी जुळवून बघायचा प्रयत्न केला. अर्धवट जुळलं. लावला नाही. कुन्नूरला धुक्यात शिरणाऱ्या हेलिकॉप्टरचा एका पर्यटकाच्या फोनवरचा व्हिडिओ तपासासाठीही उपयोगाचा ठरेल म्हणून पोलिसांनी तो फोन ताब्यात घेतला होता. तेव्हा हाती आलेला व्हिडिओ टाकायचा नाही म्हणजे फेकून द्यायचा असं नाही; मूळ फाइल, पाठवणाऱ्याचं नाव, वेळ जपून ठेवायची. ते त्यांनी केलं.

कारणाऐवजी काय लिहिलं

पाच वाजेपर्यंत वाहिन्यांवर निवृत्त अधिकाऱ्यांची रांग लागली होती आणि तीन सिद्धांत तयार होते: हवामान, जुनं यंत्र, घातपात. चौथा येण्याआधी डेस्कची मुख्य बातमी चढली. तिचं शीर्षक होतं ‘हेलिकॉप्टर अपघात: आत्तापर्यंत काय माहीत आहे, काय नाही’, आणि खाली दुसरी, ‘लष्करी विमान कोसळल्यावर चौकशी कशी होते’. ही दुसरी बातमी काकांनी परतीच्या लोकलमध्ये फोनवर लिहिली. तिच्यामुळेच मी हे प्रकरण शिकवतो, म्हणून तिच्यात काय होतं ते जरा विस्ताराने.

पहिला मुद्दा: ही चौकशी नागरी विमानाच्या चौकशीसारखी नसते. नागरी विमानवाहतुकीबद्दलच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारातून सरकारी आणि लष्करी विमानं वगळलेली आहेत. नागरी अपघाताचा प्राथमिक अहवाल तीस दिवसांत यावा अशी आंतरराष्ट्रीय अपेक्षा असते, लष्करी अपघाताला ती लागू नाही. तिथे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. नाव कोर्ट असलं तरी ती न्यायालय नाही, अधिकाऱ्यांची समिती आहे. तिच्यापुढे दिलेली साक्ष, खोटी साक्ष दिल्याचा आरोप सोडला तर, पुढे कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी न्यायालयात, त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे तंत्रज्ञाने “तो नट मी दुसऱ्यांदा तपासला नव्हता” असं सांगावं, यासाठीच ही सोय आहे. अहवाल बाहेर न येण्यामागे फक्त लपवाछपवी नसते, हे वाचकाला इथे कळलं.

दुसरा मुद्दा: अवशेष कसे वाचतात. मला हा भाग फार आवडतो, कारण यात एकही विशेषण नाही. कुठला तुकडा कुठे पडला याचा नकाशा आधी काढतात. शेपूट मुख्य सांगाड्यापासून बरंच लांब असेल तर ते हवेतच तुटलं असण्याची शक्यता बघतात. सगळं एका जागी असेल तर यंत्र अखंड खाली आलं. झाडं किती उंचीवर कापली गेलीत यावरून उतरण्याचा कोन निघतो. इंजिनाच्या आतली पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेली असतील तर धडकताना इंजिन फिरत होतं. आणि जुन्या यंत्रांत धोक्याच्या सूचनेचे छोटे दिवे असतात. दिवा लागलेला असताना धडक बसली तर त्यातली गरम तार ताणून लांब होते. बंद असेल तर ती थंड तार तशीच राहते किंवा कट्‌कन तुटते. एवढ्याशा तारेवरून कळतं की वैमानिकासमोर तेलाच्या दाबाचा इशारा लागला होता की नाही.

त्याबरोबर कागद: देखभालीच्या नोंदवह्या सील होतात, ज्या टँकरमधून इंधन भरलं त्याचा नमुना काढून ठेवतात, हवामानाच्या नोंदी आणि हवाई नियंत्रण कक्षाचं ध्वनिमुद्रण जपतात. उड्डाणाची नोंद ठेवणारं यंत्र पाण्यात सापडलं तर ते वाळवत नाहीत, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवतात, कारण खारं पाणी वाळलं की गंज धरतो. तिथेच एक व्यवहाराची सूचना होती: गावकऱ्यांनी तुकडे उचलू नयेत, फोटो काढून पोलिसांना कळवावं. जळालेल्या कार्बन फायबरची धूळ फुप्फुसाला घातक असते आणि लढाऊ विमानाच्या आसनाखालची न फुटलेली स्फोटकं तर जीव घेऊ शकतात.

शेवटी वेळ. कुन्नूरचे प्राथमिक निष्कर्ष १४ जानेवारी २०२२ ला, म्हणजे पाच आठवड्यांनी आले होते, पण तो अपवाद, कारण देशाचे संरक्षण दलप्रमुख त्यात होते. दुसरं टोक म्हणजे २२ जुलै २०१६ ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान. २९ जण. त्याचे अवशेष बंगालच्या उपसागरात सुमारे ३,४०० मीटर खोल पडलेले सापडले ते २०२४ च्या जानेवारीत. “यात तुमच्या मनात असेल ते उत्तर उद्या येणार नाही,” असं बातमीचं शेवटचं वाक्य होतं.

त्या दिवशी त्यांचे वाचक स्पर्धकापेक्षा खूप कमी होते, हे मान्य करायला हवं. पुढच्या आठवड्यात मात्र ती चौकशीची बातमी वाचली जात राहिली. धंद्याच्या हिशेबात याने भरपाई झाली का? वृत्तसंपादक म्हणतात, नाही झाली.

चौकशीचे महिने

इथे प्रकरण बहुतेक ठिकाणी संपतं. अंत्यसंस्कार, मानवंदना, पालकमंत्र्यांची भेट, आणि मग पाणीकपात.

काकांनी डायरीत तारखा टाकून ठेवल्या होत्या. तीन महिन्यांनी दलाच्या प्रवक्त्याकडे चौकशी: “सुरू आहे.” सहा महिन्यांनी तेच. मग त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज केला, संस्थेच्या नावाने नाही, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने, ऑनलाइन दहा रुपये भरून. तिन्ही सैन्यदलं या कायद्यातून वगळलेली आहेत असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. वगळलेल्या संस्थांची जी दुसरी अनुसूची आहे तिच्यात सीमा सुरक्षा दल आहे, संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ आहे. लष्कर, नौदल, हवाई दल नाहीत. अर्ज करता येतो, फक्त माहिती कलम ८ खाली नाकारली जाऊ शकते.

त्यांनी अहवाल मागितलाच नाही. तीन ओळींत उत्तर देता येईल असं मागितलं: चौकशी पूर्ण झाली का, निष्कर्षाचा गोषवारा काय, आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. उत्तर आलं, कलम ८(१)(अ) म्हणजे सुरक्षा आणि ८(१)(ह) म्हणजे तपासात अडथळा, या दोन्हींखाली नकार. चौकशी पूर्ण झाली का, या साध्या प्रश्नालाही तेच उत्तर. पहिलं अपील केलं. सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) त्यात उद्धृत केलं. अपील फेटाळलं गेलं. त्यानंतर केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले, आणि तिथली रांग ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

निष्पत्ती

उत्तर आलं ते वेगळ्याच वाटेने. संसदेत एका खासदाराने गेल्या काही वर्षांतल्या लष्करी विमान अपघातांबद्दल विचारलं, आणि लेखी उत्तराला जोडलेल्या तक्त्यात हा अपघातही होता. तारीख, ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात कारण: मानवी चूक.

त्या संध्याकाळी काका रजेवर होते. वृत्तसंपादक दुसरीकडे रुजू झाले होते. पाळीतल्या उपसंपादकाने तक्ता बघितला, आपल्या भागातला मुलगा गेला तो अपघात ओळखला आणि नोटिफिकेशन सोडलं: ‘त्या हेलिकॉप्टर अपघाताला वैमानिकाची चूकच जबाबदार’. सोबत संग्रहातला डोंबिवलीच्या मुलाचा गणवेशातला फोटो. तो मुलगा त्या उड्डाणात वैमानिक होता की आणखी कुणी, हे त्या पाळीत कुणी तपासलं नाही. तो वैमानिक नव्हता.

घरी ती सूचना फोनवर गेली. वडिलांनी दुसऱ्या दिवशी वार्ताहराला फोन केला. तेच वार्ताहर, जे बेल न वाजवता परतले होते. वडील रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे चौकशीचा कागद आलाय का? आम्हाला द्याल का? आम्हाला कुणी काही दिलं नाही.” कागद नव्हता. रकाना होता.

फोटो काढला, शीर्षक बदललं, स्पर्धकाने जे केलं नव्हतं ते केलं: बातमीच्या वरच दुरुस्तीची ओळ टाकली. नोटिफिकेशन परत घेता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रशिक्षणात बहुतेकांचं बोट त्या उपसंपादकाकडे जातं. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. त्याच्यासमोर तक्त्यातली एक ओळ होती आणि घड्याळ होतं. पहिल्या दिवशी डेस्कने जे जे ठरवलं, ते चार माणसांच्या डोक्यात राहिलं. त्यांतली दोन त्या संध्याकाळी नव्हती. नाव का थांबवलं, फोटोत कोण आहे, घरच्यांशी कोण बोलतं, काकांचे अर्ज कुठवर आलेत, हे कुठल्याही फाइलीत नव्हतं. डायरी काकांची खासगी होती.

दुसरी गोष्ट रकान्याची. ‘मानवी चूक’ ही वर्गवारी आहे, ती घटनाक्रम सांगत नाही. कुन्नूरचंच बघा. जानेवारी २०२२ च्या निष्कर्षात यांत्रिक बिघाड, घातपात आणि निष्काळजीपणा नाकारला होता. खोऱ्यातलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशा-उंचीचं भान सुटलं आणि सुस्थितीतलं यंत्र डोंगरावर आदळलं, असा क्रम त्यात होता. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात हाच अपघात ‘मानवी चूक’ या वर्गात नोंदला गेला, आणि अनेक ठिकाणी ते नवीन उलगड्यासारखं छापलं गेलं. नवीन काहीच नव्हतं. आमच्या प्रकरणात मात्र आधीचा क्रम जाहीरच झालेला नव्हता, त्यामुळे उपसंपादकाला रकान्याशी पडताळायला काही नव्हतं. एवढं तरी बातमीत लिहिता आलं असतं: तक्ता फक्त वर्ग सांगतो, काय घडलं ते सांगत नाही, आणि दलाने ते सांगायला माहिती अधिकारात दोनदा नकार दिला आहे. खरी बातमी तीच होती, आणि ती फक्त याच डेस्ककडे होती.

तिसरी गोष्ट दलाकडे बोट दाखवणारी. अख्खा अहवाल उघडा करा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. साक्षी गुप्त राहिल्या नाहीत तर पुढचा तंत्रज्ञ तोंड उघडणार नाही. पण पानभर गोषवारा, आधी कुटुंबाच्या हाती आणि मग सगळ्यांसाठी, यात कुठलं गुपित फुटतं? अर्थात पानभर गोषवाऱ्याने सगळं सुटतं असं नाही. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या नागरी विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याने जाहीर झाला, आणि त्यातल्या इंधनाच्या स्विचबद्दलच्या दोन वाक्यांवरून काही तासांत वैमानिकांना दोषी ठरवून मोकळे झालेले लोकही आपण बघितले. कागद जाहीर झाला की पत्रकाराचं काम कमी होत नाही, बदलतं.

संस्थेने नंतर तीन बदल केले. अशा प्रत्येक घटनेची एक सामायिक फाइल, जिच्या पहिल्या पानावर ‘कोणता फोटो कोणाचा आहे’ हे लिहिलेलं असतं. मृत व्यक्तीच्या फोटोसह नोटिफिकेशन जायचं असेल तर दुसऱ्या माणसाची मंजुरी. आणि पाठपुराव्याच्या तारखा माणसाच्या डायरीत नाहीत, डेस्कच्या कॅलेंडरमध्ये.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. चौकशीचा निष्कर्ष हाती आला की छापण्याआधी घरच्यांना फोन करायचा का? काका म्हणतात, करायचाच, अर्धा तास आधी का होईना. नवे वृत्तसंपादक म्हणतात, संसदेच्या पटलावर ठेवलेला कागद सगळ्यांचा असतो. आपण निरोप्याचं काम घेतलं तर उद्या घरच्यांनी “थांबा” म्हटल्यावर काय करणार? फाइलीत त्या जागी सध्या दोघांची मतं लिहिलेली आहेत आणि पुढे कंसात ‘निर्णय बाकी’.